पोटावरची फुली

६ जुलै

प्रिय दादा,

काम असल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही असं वहिनीचं म्हणणं आहे, आणि ते खोटं पाडायची मला घाई नाही. काम आहे. मला एक पोट शिवून हवंय.

घाबरू नकोस, कापडाचं. आमच्या नर्सिंगच्या शाळेत शरीररचना शिकवायला एक प्लास्टरचा माणूस आहे. त्याचं पोट उघडतं आणि आतले अवयव बाहेर काढता येतात. म्हणजे यायचे. यकृत फुटलं, आतडी हरवली, आणि उरलासुरला माणूस प्राचार्यबाईंनी कपाटात कुलूपबंद केला, मुलींनी हात लावला तर खराब होईल म्हणून. या बाईंना आम्ही मागे 'इस्त्री' म्हणतो. त्यांच्या कपड्यांवर चुणी नाही, कपाळावर नाही आणि मेंदूवरही नसावी, असा शिक्षकखोलीचा अंदाज आहे.

मुली पाठ करतात. 'यकृत हे उदराच्या उजव्या वरच्या भागात असते' असं डोळे मिटून घडाघडा म्हणतात. 'हात ठेवून दाखव' म्हटलं की हात छातीवर जातो, एकीचा तर मानेवर गेला. उद्या याच मुली कुणाच्या तरी पोटावर हात ठेवून विचारणार, इथं दुखतंय का?

म्हणून एप्रन. पोटावर फुली-गोळ्याच्या खेळासारखे नऊ चौकोन आख. चेष्टा नाही, डॉक्टर लोक खरंच पोटाचे असे नऊ भाग पाडतात. प्रत्येक अवयव सुटा, आत थोडा कापूस, पाठीला वेल्क्रो. एकीनं एप्रन घालायचं, दुसरीनं अवयव लावायचे. यकृत तपकिरी, जठर गुलाबी, प्लीहा जांभळी, आतडी लांबच लांब. स्वादुपिंड पिवळं, जिभेच्या आकाराचं, ते जठराच्या मागे. चित्रं सोबत आहेत. मापाला कुणाचंही पोट घे, वहिनीचं नको. एवढं कापड परवडायचं नाही.

तुझी धाकटी

*

२४ जुलै

मास्तरीणबाई,

पोट पाठवलं आहे. शेवटचं वाक्य तुझ्या वहिनीनं वाचलं आहे. पत्रं आधी तीच फोडते हे विसरत जाऊ नकोस.

गल्लीत माझी अब्रू गेली. कापूस भरलेली मूत्रपिंडं दुकानाच्या दारात दोरीला अडकवली होती. पोराच्या गणवेशाचं माप द्यायला एक बाई आल्या. म्हणाल्या, हे काय? म्हटलं, किडनी. म्हणाल्या, कुणाची? म्हटलं, ऑर्डरची. पोराला बखोटीला धरून गेल्या त्या अजून परतल्या नाहीत. वहिनी म्हणते, जन्मभर माणसं बाहेरून झाकत आलात, आता उतारवयात आतलं काढून दारावर टांगायला लागलात.

यकृत छान झालं आहे, उशाला घेऊन झोपावं असं. आतडी शिवताना मात्र देवानं हे काम कुठल्या शिंप्याकडून करून घेतलं असेल याचा विचार करत होतो. अडचण एकच, तुझं ते पिवळं स्वादुपिंड. त्याच्यावर जठर बसवलं की पट्ट्या एकमेकींना धरत नाहीत. चारदा उसवलं, चारदा शिवलं, दर वेळी घसरून खाली पडतं. तूर्त सुटंच पाठवतोय, काढूनच टाकायचं का? बाहेरून दिसत तर नाहीच.

माप माझ्याच पोटावर घेतलं. बंद लांब निघाले, मागे नेऊन पुन्हा पुढं बांधता येतात. कापले नाहीत. धडधाकट मुलींच्या उपयोगी पडतील.

दादा

*

१० ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझ्या पोटानं वर्ग डोक्यावर घेतला. पहिल्या दिवशी एकीनं प्लीहा खिशाचा रुमाल समजून खोचली, दुसरीनं मूत्रपिंडं पुढून लावली. आता मात्र डोळ्यांवर पट्टी बांधून लावतात. मधल्या सुट्टीत मुली एकमेकींच्या पोटाला हात लावून "सांग, कुठं आहे मी?" "आतड्यात!" असं ओरडत फिरतात. इस्त्रीबाईंनी ते बघितलं आणि शिस्तीवर एक भाषण दिलं.

शब्दांसाठीही पत्ते केले आहेत. वैद्यकातले शब्द आगगाडीच्या डब्यांसारखे असतात, एकाला दुसरा जोडला की झालं. 'हेपॅटो' म्हणजे यकृताचं, 'मेगॅली' म्हणजे मोठं झालेलं, 'आयटिस' म्हणजे सूज. मुलींनी डबे जुळवून खरे आजार तयार करायचे. काल फळ्यावर एक नवीन आजार लिहिलेला सापडला, 'प्राचार्यायटिस'. कुणी लिहिला ते मी विचारलं नाही. अक्षर चांगलं होतं.

स्वादुपिंड आम्ही काढूनच ठेवलंय, पुढच्या एप्रनांतही नको. लाजाळू अवयव आहे तो, मागे लपून बसतो, पोथीत वाचतील. खेळ अडायला नको. बाकी अशीच आणखी एप्रनं लागतील. तपासणी समिती यायची आहे, आणि जिची इतके दिवस लाज वाटत होती ती गोष्ट आता इस्त्रीबाईंना 'आमच्या संस्थेचा उपक्रम' वाटू लागली आहे.

आणि बंद लांब कसे निघाले रे? वहिनीनं बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला वाटतं. बरं केलं.

धाकटी

*

३० सप्टेंबर

मास्तरीणबाई,

एप्रनं कापून ठेवली आहेत, शिवण चालू आहे. उशीर होतोय खरा.

आज तुला एक कोडं. माझं एक गिऱ्हाईक आहे, कोटवाला. त्याचं पोट दुखतं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणतो, तुमची बहीण शिकवते ना, तिला विचारा. म्हणून त्याला नऊ चौकोन काढून दिले आणि म्हटलं, टाका फुली. त्यानं वरच्या ओळीत मधल्या घरात टाकली. कागद सोबत आहे.

जेवणानंतर वाढतं. आडवं पडलं की फार, पाठीपर्यंत कळ जाते. पण गंमत अशी की कामाला बसला, वाकून हातातल्या कामात डोकं घातलं, की बरं वाटतं. त्यामुळे आजकाल तो दुकान लवकर उघडतो आणि उशिरा बंद करतो. घरचे म्हणतात, या वयात काय ही कामाची हौस! तो त्यांना काही सांगत नाही.

खेळात काय उत्तर येतं ते कळव. वहिनीला या कागदात रस नाही, चिंध्यांच्या पुडक्यात घालून पाठवतोय.

दादा

*

८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

कोटवाल्याला माझा नमस्कार सांग आणि विचार, वरच्या मधल्या घरात एप्रनवर काय आहे? जठर. दुसरं काही आहे? नाही. मग झालं तर. पित्त. चहा कमी, जेवण वेळेवर, जागरण बंद.

कामाला बसलं की बरं वाटतं आणि घरी आडवं पडलं की दुखतं, हा आजार मी पुष्कळ पुरुषांत पाहिला आहे. त्याचं मूळ शरीररचनेच्या पुस्तकात नाही, शेजारच्या उशीवर असतं. (हे वहिनीनं वाचलं तरी चालेल.) फारच वाटलं तर डॉक्टरला दाखव म्हणावं.

मी घाईत आहे. समितीसाठी इस्त्रीबाईंनी मला 'खेळातून शरीर' असा फलक रंगवायला लावलाय. एप्रनांचं बघ ना जरा. गिऱ्हाइकांची दुखणी ऐकत बसलास तर माझं पोट कधी शिवणार?

धाकटी

*

२ डिसेंबर

मास्तरीणबाई,

एप्रनं पाठवली. एक-दोन ठिकाणी शिलाई वाकडी गेली आहे, मशीनला दोष दे.

कोटवाल्यानं चहा कमी केला. जेवण तर फारच कमी केलं. त्याचा कोट मी दोनदा आत घेतला, आता आत घ्यायला कापडच उरलं नाही.

समितीचं कसं झालं ते सविस्तर लिही. तुझी पत्रं वाचताना वेळ बरा जातो.

दादा

*

१३ डिसेंबर

दादा,

समिती येऊन गेली. तुला सविस्तर हवं होतं, म्हणून काल लिहायला बसले होते. दोन पानं झाली होती. फलकाची, हारतुऱ्यांची, इस्त्रीबाई स्वतः एप्रन घालून उभ्या राहिल्या आणि एका मुलीनं त्यांना यकृत लावताना गडबडून ते नाकावर लावलं, त्याची. ती पानं फाडली.

समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, स्वादुपिंड कुठं आहे? पुढच्या बाकावरची पोर उभी राहून म्हणाली, "सर, ते घसरतं." सगळे हसले, मीही हसले. ते गेल्यावर तीच पोर म्हणाली, बाई, पण ते दुखलं तर पेशंट काय सांगतो? मी खडू हातात घेऊन सांगायला लागले. म्हटलं, वरच्या मधल्या भागात दुखतं. जेवल्यावर वाढतं. पाठीत कळ जाते. आडवं झोपवत नाही. पुढं वाकून बसलं की

तिथं थांबले. मुलींना वाटलं, मी विसरले. एकीनं पुस्तकात बघून वाक्य पूर्ण केलं.

दादा, हे सगळं तू मला कळवलं होतंस. एकूण एक. मुलीनं पेपरात लिहावं तसं मुद्देसूद. आणि मी चहा कमी करायला सांगितला. त्या चौकोनात काय काय असतं हे मला माहीत आहे, जन्मभर तेच शिकवत आले. पण मी पुस्तक बघितलं नाही, एप्रन बघितलं. त्यात ते नव्हतं, कारण मीच काढायला लावलं होतं.

कोटवाला कोण आहे? आपल्या गल्लीत कोट घालतं तरी कोण?

हे पत्र मिळताच दुकान बंद कर आणि दवाखान्यात जा. एप्रन, शिलाई, सगळं मरू दे.

धाकटी

*

२१ डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र यायच्या आधीच जाऊन आलो होतो. दुकानात घेरी आली, शेजारच्या घड्याळवाल्यानं उचलून नेलं. त्यामुळे माझं शौर्य समजू नकोस.

यंत्रात घालून फोटो काढले. डॉक्टर पोरगेला आहे, भिंतीकडे बघून बोलतो. तुझे पत्ते आठवत होते म्हणून म्हटलं, साहेब, हेपॅटोमेगॅली आहे का? तो खूष झाला. म्हणाला, तुम्ही आमच्याच लाइनमधले! म्हटलं, नाही, शिवणातला. पण त्यानं ऐकलंच नाही. त्यानंतर सगळं इंग्रजीतूनच सांगितलं, आणि मला एक अक्षर कळलं नाही. एवढं कळलं की गाठ त्या पिवळ्या जिभेत आहे आणि आता यकृतातही आहे. "जरा आधी आला असतात तर" असं म्हणाला, मग वहिनीकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. कोटवाल्याची गोष्ट मी रचली. सरळ लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असतीस, आणि मला दारात कुणी नको होतं. वाकून बसलं की बरं वाटायचं ना, मग वाटलं बसू असंच. शिंप्याचा धंदाच वाकायचा, कुणाला शंका येत नाही.

आता एक काम सांगतो. इथं माझ्याशी सगळे पाळण्यातल्या पोराशी बोलतात तसे बोलतात. घड्याळवाला म्हणतो, ठणठणीत व्हाल. वहिनी म्हणते, सूज आहे, उतरेल. तू तेवढी सांग. पुढं काय होणार, कसं होणार, केव्हा. पत्ते नकोत, चौकोन नकोत. मुलींना परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगतेस तसं सांग.

अक्षर लागेल तसं वाचून घे.

दादा

*

२७ डिसेंबर

दादा,

विचारलंस तसं सांगते.

गाठ काढता येणार नाही, ती यकृतात गेली आहे. औषध देतील, त्यानं ती थोडी थांबेल किंवा थांबणार नाही. भूक जाईल. वहिनी आग्रह करील, तिला रागवू नकोस, पण जबरदस्तीनं खाऊही नकोस. डोळे पिवळे होतील, अंगाला खाज सुटेल. पोटात पाणी होईल, पाय सुजतील. मग झोप वाढेल. दिवसाचा बराच वेळ झोपशील, आणि एकदा त्या झोपेतून उठणार नाहीस. पुढचं सत्र सुरू होईल तेव्हा तू नसशील.

दुखणं मात्र थांबवता येतं. तेवढं हट्टानं मागून घे. सोसण्यात काही मोठेपणा नाही. डॉक्टर भिंतीशी बोलत असेल तर भिंतीपुढं जाऊन उभा राहा.

फुली तू बरोबर घरात टाकली होतीस.

रजेचा अर्ज दिला आहे. मी येते.

धाकटी

*

४ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. मी ते त्यांना वाचून दाखवलेलं नाही.

आता त्यांना अक्षर दिसत नाही, डोळ्यांपुढं नाचतं म्हणतात. म्हणून म्हणाले, तू वाच. मी आधी मनातल्या मनात वाचलं. ते म्हणाले, काय लिहिलंय? मी कागद तसाच समोर धरला आणि म्हटलं, लिहिलंय की दादा, तुला सूज आहे, औषधानं उतरते, आमच्या इस्त्रीबाईंच्या काकांना अशीच होती, ते आता पोहायला जातात.

हसलात ना? तेही हसले. म्हणाले, पुढं? मी म्हटलं, लिहिलंय की इस्त्रीबाई जिन्यावरून घसरल्या आणि त्यांना उचलायला गेलेल्या मुलींनी आधी नऊ चौकोनांत बघून कुठं लागलं ते ठरवलं. मला काय सुचणार वन्सं, मी काय तुमच्यासारखी शिकलेली आहे? पण ते परत म्हणाले, पुढं? असं अर्धा तास मी एका पानातून वाचत होते.

तुम्ही म्हणाल, त्यानं मला विचारलं होतं, तुला नाही. खरं आहे. पण विचारलं तेव्हा ते उठून बसत होते. आता उठत नाहीत. आणि त्यांना ठाऊक आहे की या घरात पत्र आधी मी फोडते. खरंच ऐकायचं असतं तर तुमच्याकडून ते माझ्या हातात पडणाऱ्या पत्रातून मागवलं नसतं. की मागवलं असतं? मला नाही कळत. तुम्ही शिकवणाऱ्या. तुम्ही सांगितलं की तास संपला, फळा पुसून घरी. मला नंतर त्यांच्या शेजारी बसायचं असतं.

तुम्ही लिहिलंत ते सगळं होतंय. डोळे पिवळे होण्यापर्यंत आलंय. दुखण्याचं औषध मात्र मी भांडून आणलं, डॉक्टरला दंडाला धरून वळवला.

येऊ नका. राग मानू नका, पण तुमचा चेहरा लहानपणापासून उघडा आहे, तेच सांगतात. दारात बघितलं की त्यांना कळेल. पत्राला चेहरा नसतो. ते रोज विचारतात, धाकटीचं काही आलं का? मी रोज तेच पान समोर धरते आणि नवीन काहीतरी वाचते. काल म्हणाले, हल्ली ती जरा बाष्कळ लिहायला लागली आहे.

म्हणून म्हणते, तुम्हीच लिहा. माझ्याजवळचं संपलं.

तुमची वहिनी

*

९ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र आल्यावर तुला उलट लिहायला चार कागद खराब केले. त्याच्या शब्दाचा मान, त्याचा हक्क, असलं बरंच काही त्यात होतं. वर्गात छान वाटलं असतं. पण तू शेजारी बसली आहेस आणि मी इथं.

रजेचा अर्ज परत घेतला. इस्त्रीबाई म्हणाल्या, "बरं झालं, सगळं निवळलं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी नवीन एप्रनं मागवायला सांगितली आहेत, दुसऱ्या एका शाळेलाही हवीत. शिंपी चांगला आहे म्हणाल्या.

सोबत पत्रांचा गठ्ठा पाठवते आहे. तारखा घातलेल्या नाहीत, तू घालत जा. एकात इस्त्रीबाईंनी आमच्या पत्त्यांत हात घालून असा आजार जुळवला आहे की तो फक्त घोड्यांना होतो. एकात मुलींनी प्लास्टरच्या माणसाला कपाटातून पळवून शेवटच्या बाकावर बसवलं आणि हजेरीत त्याचं 'हजर' कुणी म्हणायचं यावरून भांडण झालं. एकात मी सायकल शिकताना पडले आहे. यातलं काहीही घडलेलं नाही. इथं आता मुली परीक्षेची पाठांतरं करताहेत.

दोनदा वाचायला लागलं तर हरकत नाही, दुसऱ्यांदाही तेवढंच हसायला येईल असं लिहिलंय. लांब पत्रं वर ठेवली आहेत, खाली खाली लहान होत गेली आहेत. शेवटच्यात दोनच ओळी आहेत, तो झोपेत असला तरी वाचता येतील.

एक दिवसाला एकच वाच. आणि गठ्ठ्यातली उरली, तर किती उरली ते मला कळवू नकोस.

तुझी नणंद